तिघं अडल्याशिवाय

३ जून, सोमवार

लागले बाई एकदाची कामाला! विद्यापीठाचा संगणक विभाग, खोली तळघरात. पण तळघर म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. समोरची भिंत पूर्ण काचेची आहे, जाणारे-येणारे सगळे दिसतात. टेबलं दोन. एकावर मी बसते, दुसऱ्यावर माझी पर्स बसते. दार बाहेरून नुसतं ढकललं की उघडतं आणि आपलं आपण बंद होतं. बाहेर पडायला मात्र कार्ड लावावं लागतं. पूर्वी इथे महागडी यंत्रं होती म्हणे.

काम अगदी माझ्या स्वभावाचं. कुणाला नवं सॉफ्टवेअर हवं असतं, कुणी पासवर्ड विसरतं, कुणाच्या वर्गातला प्रोजेक्टर रुसून बसतो. त्या सगळ्या विनंत्या माझ्याकडे येणार आणि आधी कुणाचं, नंतर कुणाचं, हे मी ठरवणार. साहेबांनी नियम समजावला. विनंतीत ‘अडलेल्या व्यक्ती’ असा रकाना असतो. तिथे दोन किंवा जास्त असतील तर काम त्याच दिवशी, एकट्याचं असेल तर सवडीने.

घरी सांगितलं तर धाकटी बहीण म्हणाली, ताई, आम्हाला रांगेत उभं करून तुझं मन भरलं नव्हतं वाटतं! छकुलीने, माझ्या पाच वर्षांच्या लेकीने, लगेच विनंती टाकली की मला तुझं ऑफिस बघायचंय. तिला म्हटलं, तू एकटीच अडली आहेस, सवडीने बघू.

६ जून, गुरुवार

माणसं काय बिलंदर असतात! सगळेच ‘दोन’ लिहितात. एका प्राध्यापकांनी प्रिंटरपायी स्वतःबरोबर शिपायालाही अडवून ठेवलं. रांग हलेना. मग मीच साहेबांना सुचवलं की दोनचे तीन करा. शिवाय येता-जाता तोंडी सांगितलेलं काम कुणी ऐकायचं नाही, आधी विनंती टाकायची, अशी पाटी बाहेर लावा. साहेब बेहद्द खूश. पाटी दुपारीच लागली, आणि मीही हवेत.

रांगेच्या तळाशी एक जुनी विनंती पडून आहे. ‘मला बाहेर यायचं आहे.’ नाव नाही. अडलेल्या व्यक्ती: एक. साहेब म्हणाले, कुणीतरी गंमत केली असेल, राहू दे तळाशी. राहू दिली.

११ जून, मंगळवार

ती विनंती आज नीट वाचली. खोली क्रमांक माझ्याच खोलीचा आहे. आणि अडलेल्या व्यक्ती: दोन. मी तर बदललेलं नाही.

माझ्या जागी आधी कोण होतं, ते साहेबांना विचारलं. एक बाई होत्या म्हणे, न सांगता यायच्या बंद झाल्या. त्यांचं स्वेटर अजून दुसऱ्या खुर्चीवर आहे. पर्स उचलली तर मागे चहाचा कप होता. हात लावला, गरम होता. मला आवडलं नाही हे.

१२ जून, बुधवार

कार्ड चालत नाही. लाल दिवा लागतो. काच ठोठावली तेव्हा दुरुस्तीवाला थांबला, वर न बघता पाटीकडे बोट दाखवलं आणि गेला. माझीच पाटी. मुकाट्याने विनंती टाकली. संगणक विनंती घेतो, पण रांगेत काही बदलायला गेलं तर मला ओळखत नाही. विनंती तळाशी गेली, त्या जुन्या विनंतीला जोडून. अडलेल्या व्यक्ती: दोन.

छकुली जेवायची थांबली असेल. फोनला रेंज नाही.

१३ जून, गुरुवार

आता काच ठोठावली तरी कुणी थांबत नाही. धाकटी आली होती. साहेब तिला सांगत होते की ताई कालच घरी गेल्या. मी घसा फोडून ओरडले. ती काचेशी आली, अगदी माझ्या तोंडासमोर, आणि काचेत स्वतःला बघून डोळे पुसले. मग गेली.

भूक लागत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

१४ जून

त्या इथेच आहेत. दुसऱ्या खुर्चीवर. बाहेरच्यांना मी दिसेनाशी झाले, तशा मला त्या दिसू लागल्या. रोज त्यांच्या पुढ्यात पर्स आपटत होते मी.

रागावल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, दोघींवर दार उघडलं असतं, तुम्ही तीन केलेत. आता आणखी एकच माणूस आत हवं. मग त्याच दिवशी उघडतील, सगळे घरी जातील.

मी म्हटलं, कुणाला असं आत ओढणार नाही. त्या नुसत्या हसल्या.

१७ — सोमवार बहुतेक

धाकटी परत आलीय. छकुली बरोबर. धाकटी साहेबांशी भांडतेय, पाठ इकडे. छकुलीला मी दिसते! हात हलवला तिने —

बाई म्हणतात, बोलवा. थोड्याच वेळाचा प्रश्न. तिसरं माणूस. मग तिला कडेवर घेऊन बाहेर —

नको. नको. पण तिला जवळ घेऊन किती दिवस —

बोलावलं. देवा, मी बोलावलं तिला. पळत येतेय —

संगणक वाजला. साहेबांची सूचना. सगळे आता तीन लिहू लागल्यामुळे, ताईंचीच कल्पना पुढे नेत, आजपासून किमान चार —

छकुली, थांब! मागे हो! मावशीकडे जा, हात लावू नकोस दाराला — हसतेय ती — नको गं राणी, ढकलू —