असाध्य रोग्यांच्या खोलीबाबत

मी, हकीम अन्सार वल्द फारुक, वय एकाहत्तर, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या भिडेने नव्हे तर आपल्या मर्जीने ही व्यवस्था लिहून ठेवतो. पोटातली गाठ माझ्याच बोटांना लागते. पुढचा पावसाळा मी पाहीन असे नाडीवरून वाटत नाही. सरकारी दफ्तराची जबान उर्दू असली तरी कागद मराठीत आहे, कारण ज्या बाईला तो वाचून दाखवायचा आहे तिला उर्दू येत नाही.

कलम पहिले. घर व शेत शरियतप्रमाणे मुलगा जमील व मुलगी शरीफा यांचे. शरीफाचा वाटा भावाने ‘सांभाळायला’ म्हणून ठेवून घेऊ नये.

कलम दुसरे. रोग्यांच्या चिठ्ठ्यांची पेटी न वाचता जाळावी. तिच्यात अर्ध्या गावाची लाज आहे.

कलम तिसरे. लोखंडी खल तातेरावांनी अकरा वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेला. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. ते या कागदाचे साक्षीदार आहेत, म्हणून इथे लिहिले.

कलम चौथे. माझ्या उस्तादांची वही जमीलला. बगदादच्या जुन्या हकिमांपासून चालत आलेले नियम तिच्यात आहेत. विष देऊ नये, दुश्मनाचीही नाडी पाहावी, घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये, हे मी पाळले. आणखी एक आहे: असाध्य रोग्याला हात लावू नये, कारण हकिमाचे नाव बुडाले की बरा होणारा रोगीही येत नाही. हा विचार खोटा नाही. जमील तो मानतो. चाळीस वर्षे मीही मानला.

कलम पाचवे. दवाखान्याची रस्त्याकडची खोली मनकर्णा भ्रतार सोनाजी हिला. खोली मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसते, तेवढे परक्याला देण्याचा मला हक्क आहे. कारण असे.

नऊ वर्षांपूर्वी मनकर्णाने नवऱ्याला, सोनाजीला, बैलगाडीतून आणले. त्याच्या घशात गाठ होती. मी म्हणालो, “घेऊन जा. माझ्या हातचं न्हाई.”

ती म्हणाली, “बरं करा म्हणत न्हाई, हकीमसाब. तकलीफ तेवढी कमी करा.”

मी नियम सांगितला. गाडीचे धक्के त्याला सोसेनात, म्हणून तिने त्याला समोरच्या लिंबाखाली ठेवले. एकोणीस दिवस तो तिथे होता, मग तिथेच वारला. बाराव्या दिवशी मी जाऊन पाहिले. ओल्या बोळ्याने ती त्याचे ओठ भिजवत होती, कूस बदलून देत होती. तो ओरडत होता. माझ्या कपाटात अफूचा अर्क होता. त्याने दुखणे शमले असते. मी परत आलो आणि कपाट उघडले नाही.

पुढे दोन वर्षांनी मी याच खोलीत असाध्य रोगी घेऊ लागलो. त्यांची सेवा मला येत नव्हती, म्हणून मनकर्णाला बोलावले. ती आली. सात वर्षे येते आहे. रोगी मेले, हकिमाच्या हाताचा गुण गेला असे लोक म्हणाले. जमील भांडून हिंगोलीला गेला. त्याचे नुकसान झाले हे मला कबूल आहे.

वरील मजकूर आज तातेरावांनी मनकर्णाला वाचून दाखवला. अर्काची गोष्ट तिला आजच कळली. तिने विचारले,

“कपाटात होता?”

“व्हय.”

“इतके दिवस काहून सांगितलं न्हाई?”

“सांगितलं असतं तर तू आली नसतीस.”

“न्हाईच आले असते.” ती उठली, दारापर्यंत गेली. खोली नको म्हणेल असे वाटले. मग पाठमोरीच म्हणाली, “माफ करणार न्हाई मी. पण खोली घेते. खिडकी न्हाई तिला, माणूस गुदमरतो. तुमी हाय तवर पाडून द्या.”

सबब, कलम सहावे. खोलीच्या उगवतीच्या भिंतीत खिडकी पाडावी. गवंड्याला उद्याच बोलावले आहे.

हे लिहून दिले, सही.
हकीम अन्सार वल्द फारुक

साक्षीदार:
तातेराव (खल परत आणून ठेवला आहे.)
भीमसिंग

मुक्काम आखाडा बाळापूर, ता. 12 जानेवारी 1941