चेन्नईतली ती दुसरी मी

४ जून
जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास होऊन वर्ष होत आलं. इतके अर्ज केले, एकाही जर्मन इस्पितळाचं उत्तर नाही. शेवटी ह्यांच्या आग्रहाने बसस्टँडजवळच्या, नर्सांना परदेशी पाठवणाऱ्या एजन्सीत गेले. चालवणारा सेंथिल. बायोडाटा उभ्या उभ्या वाचला. "सिस्टर, कुंभकोणम् लिहिलंत तर तिकडे कोण बघेल? चेन्नईचं मोठं हॉस्पिटल लिहू." नाही म्हटलं. 'मातृभाषा मराठी' वाचून हसला. "तमिळ लिहा. उगीच त्यांचा गोंधळ." आमच्या घरात कित्येक पिढ्या मराठी बोलतात, गोंधळ कधी झाला नाही! तेही नाही म्हटलं. होता तसाच देऊन आले.

११ जून
एजन्सीत व्हिडिओ काढला. डायलिसिसवरचा पेशंट जांभया द्यायला लागला की बीपी उतरत असतं, मी आधी ते बघते, असं सांगत होते. सेंथिलने मध्येच थांबवलं. "हे नको. हसून बोला. कुंकू लहान करा." त्यांना नर्स हवीय की बाहुली? कुंकू तसंच ठेवलं. हसू मात्र आलं नाही.

२ जुलै
एजन्सी गप्प. आज स्वतःच जर्मनीतल्या एका लहान गावातल्या इस्पितळाला लिहिलं. डायलिसिस विभाग आहे. माझ्या जर्मनमध्ये, चुकांसकट.

१५ जुलै
उत्तर आलं! आणि हे असं. तिथल्या मुख्य नर्सबाई लिहितात, याच नावाचा, याच फोटोचा अर्ज एका एजन्सीकडूनही आलाय. त्यात चेन्नई. त्यात तमिळ. "तुम्ही दोघी आहात की एकच?"
तशीच स्कूटर काढून एजन्सीत. सेंथिलला जराही लाज नाही.
"बघा, लक्ष गेलं ना त्यांचं?"
"खाली सही कोणाची?"
"ऑफिसने केली, सिस्टर. सगळ्यांचीच करतो."
सगळ्यांचीच!!

१६ जुलै
हे म्हणतात, "कशास वाकडं घेतेस? आतां चेन्नईच म्हण. पोचल्यावर सांग खरं." दहावीतल्या लेकीकडे बोट दाखवलं. तिच्यासाठीच जायचंय, मला का कळत नाही? पण दारासुरम्हून टाउन बसने येणारा तो विणकर, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या सुईसाठी माझ्यासमोर हात पुढे करतो. चेन्नई म्हटलं तर त्याला कुठे घालू? इतक्या वर्षांची माझी नोकरी पुसून टाकायला हा सेंथिल कोण?
ह्यांना न विचारताच नर्सबाईंना लिहून टाकलं: मी एकच. कुंभकोणम्. दुसरी सही माझी नाही.

१८ जुलै
सेंथिलचा फोन. "तुमच्यामुळे आमच्या बाकीच्या मुली अडकतील." म्हणजे पाप माझंच! त्या मुलींना तरी माहीत आहे का, त्यांच्या नावावर काय काय लिहिलंय ते? विचारलं तर फोन ठेवला.

२४ जुलै
व्हिडिओवर मुलाखत. दोघी बायका, एक पुरुष. निम्मा वेळ त्या बनावट अर्जावरच. "एजन्सी तुम्हीच निवडलीत ना?" हो, मीच. ह्यांचा आग्रह तिथे कुठे सांगत बसू? मग मशीनचं विचारलं, पेशंटचं विचारलं. तेव्हा मोकळं बोलता आलं. शेवटी "कळवू" म्हणाले. चेहऱ्यांवरून काही कळेना.
हे दाराबाहेरच उभे होते.
"रागावलेत काय ते?"
"ते कशाला रागावतील? रागावलेय मी."