मापाचा सदरा

अब्बा, तुम्ही गेल्याला वीस वर्षं होऊन गेली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसलोय. दुपारपासून हाताला चैन नाही. मशीनवर बसतो, उठतो, कात्री शोधतो. कात्री हातातच असते.

नांदेडच्या बाजारातल्या तुमच्याच दुकानात मी अजून शिवतो. मधे एक रोग आला होता. श्वासानं पसरायचा, म्हणून सगळ्या देशाला घरात कोंडलं होतं. नंतर दुकान उघडायची परवानगी मिळाली, तेव्हा गिऱ्हाइकांचा बाक मी दारात आडवा टाकला. ज्याला शिवायचं त्यानं कापड आणि मापाचा जुना कपडा बाकावर ठेवायचा आणि मागं सरायचं. टेप गळ्यात असायची, पण नुसती शोभेला. तुम्ही असता तर तो बाक उचलून रस्त्यावर फेकला असता. मी शाळकरी असताना एकदा जुन्या सदऱ्यावरून माप घेतलं, तर गिऱ्हाइकासमोर ओरडला होतात, "सदरा मोजलास, माणूस कोण मोजणार?" मग त्याच्या छातीभोवती टेप टाकून तुम्ही आत दोन बोटं सरकवलीत आणि विचारलंत, "काय, जेवण कमी झालंय का?" मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता.

तुमचे दोस्त, कंधारचे कंडक्टरकाका, बायको गेल्यापासून इथं एकटेच राहतात. त्यांचा दर दसऱ्याचा सदरा आपल्याकडेच शिवायचा. त्या वर्षापासून तेही कापड आणि जुना सदरा बाकावर ठेवून जाऊ लागले. घालून दाखवायला आले नाहीत, मीही बोलावलं नाही. रोग गेला, बाक काही हटला नाही. खरं सांगू, मला ते बरंच वाटायला लागलं होतं. काम पटापट होतं, कुणाच्या घामाशी, कुणाच्या रडगाण्याशी संबंध नाही.

आज दुपारी काका नवा सदरा घालूनच आले. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, कॉलरमध्ये मान नुसती हलत होती. जुन्या सदऱ्याच्या मापात सुताचाही फरक नव्हता, मी शपथेवर सांगतो.

"लई ढगळ झालाय रं," ते हसत म्हणाले. "कात्री चुकाया लागली का काय तुझी?"

"काका, जेवता का न्हाई?"

"एकट्यापुरतं कोण करत बसतंय? पहिले तुझ्या ह्याच बाकावर बसायचो, तू डबा उघडायचास, दोन घास पोटात जायचे. आता कुठं जाणंच सुटलंय बघ. सवयच न्हाई राहिली."

एवढी वर्षं हा माणूस बाकापलीकडे वाळत होता आणि मी त्याच्या जुन्या अंगाचे सदरे शिवत होतो. मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. बाक बाजूला ओढला आणि म्हणालो, "या आत. माप घेतो." ते आले आणि तुमच्यासमोर उभे राहायचे तसे दोन्ही हात पसरून उभे राहिले.

हा कागद तुमच्या खडूच्या डब्यात ठेवीन, अजून कुठं धाडणार? तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की टेप मी त्यांच्या छातीभोवती टाकली नाही; माणसाला हात लावायची माझीही सवय राहिली नव्हती. टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "काका, तुम्हीच धरा."