तुतीवरचे घरटे

दि. ४ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. आमचे क्षेम तू शेजारणीकडून काढून घेतेसच. तेव्हा त्यावर शब्द न दवडता वस्तुस्थिती क्रमाने मांडते.

पहिली गोष्ट, परसबाग माझी आहे. आईने अंथरूण धरल्यावर तिला खिडकीतून पाखरे दिसावीत म्हणून मी ती अभ्यासपूर्वक लावली. फळे खाणाऱ्यांसाठी तुती आणि अंजीर, किडे टिपणाऱ्यांसाठी फुलझाडांची दाट कड, पाण्याला मातीचे उथळ परळ. वनस्पतिशास्त्र मी आयुष्यभर शिकवले. पाखरे आली नाहीत, हा दोष पाखरांचा.

दुसरी, सुटीत तू आलीस. तुतीची कुरतडलेली पाने मी खुडत असताना तू माझा हात धरलास आणि आईच्या खिडकीसमोर म्हणालीस, "ताई, राहू दे ना गं त्या अळ्या. पाखरं काय तुझी डॉक्टरेट खाणार?"

आई हसली. किती महिन्यांनी हसली, हे तू मला पुन्हा पुन्हा ऐकवलेस. एकदा पुरे होते.

तिसरी, मी खुडणे थांबवले. तुतीची चाळण झाली आणि बुलबुलांनी तिच्यात घरटे केले. श्रेय तू घेतलेस, आईने ते दिले. तू परत गेल्यावरही प्रत्येक घासाला तिचे तेच: धाकटीचा हातगुण बघ.

चौथी, मी तुतीवर औषध फवारले.

त्यात वावगे काही नाही. किडक्या झाडावर फवारणी करतात. फळे खाणारी पाखरेसुद्धा पिलांना अळ्याच भरवतात, हे तू मला फोनवर शिकवू लागलीस. तू बाराखडी गिरवत होतीस तेव्हापासून ते मला पाठ आहे. घरट्यात पिले आहेत हे मला ठाऊक होते, असे आई म्हणते. तिची नजर अधू आहे. माना टाकून पडलेली पिले तेवढी तिला स्पष्ट दिसली.

तेव्हापासून ती माझ्या हातून जेवत नाही. शेजारीण येऊन भरवते. "मला धाकटीकडे पोचवा," एवढेच तिचे चालू असते, तेही भिंतीकडे बघून. तिची अंथरुणे मी धुतली, पाठीच्या जखमा मी पुसल्या. तू फक्त तिला हसवलेस.

तिला क्लेश नकोत म्हणून पलंग मी आतल्या खोलीत हलवला आहे. तिथे खिडकी नाही. शेजारणीलाही उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले आहे. भूक लागली की माझा हात आईला पुन्हा ओळखू येईल. तुझा फोन आला की आई झोपलेली असते. तिने विचारले, तर तुझा फोन आलेला नसतो.

रविवारी गाडी घेऊन तिला न्यायला येणार, असे तू कळवलेस. येऊ नकोस. 'आईला सांभाळणे मला जमणार नाही, तिने ताईकडेच राहावे,' एवढे तुझ्या हस्ताक्षरात लिहून पाठव. पत्र हाती आले की पलंग खिडकीशी जाईल. नाही आले, तर जाणार नाही.

फोनवरची रडारड मी उत्तर म्हणून धरणार नाही. उत्तर लेखीच हवे. आईला ते मी स्वतः वाचून दाखवीन, आणि वाचताना तिच्या चेहऱ्याकडे बघेन.

तुझी, आणि तिचीही,
थोरली