कूस बदलताना

अकोला, बुधवार

माझ्या मायले चंदाचा पाया पडून नमस्कार.

फोनवर तू नुसती रडते, म्हणून लिहून राहिली. बाबाकडून वाचून घे. मी बरी आहे, टाके सुकले. तुहा गुडघा कसा आहे? डिंकाचे लाडू पाठवू नको, बाबाले खाऊ दे.

तू सीमावहिनीले म्हणाली म्हणे, ‘मी दवाखान्यात जवळ असती, तर कूस बदलायच्या आधी चंदाले उठवून बसवलं असतं, पोराले नाळ गुंडाळली नसती.’

माय, नाळ गुंडाळलीच नव्हती. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, कळा चालू असतानाच पोराले पोसणारी वार आतल्या आत सुटली. मशीनवर पोराचे ठोके एकशे चाळीसचे साठ झाले. लगेच पोट कापून त्याले काढलं, पण तोवर मेंदूले ऑक्सिजन कमी पडला होता. तीन दिवस काचेच्या पेटीत होता, एकदाही रडला नाही, अन् तसाच गेला. कपाळ थेट बाबासारखं होतं.

तुह्या हाती काही नव्हतं, माय. नऊ महिने मी तू सांगितलं तसंच केलं.

आता पोट रिकामं आहे, तरी कूस बदलायची म्हटलं की आधी उठून बसते.

तुही लेक,
चंदा