पाहुणीचं पथ्य

मार्गशीर्ष व. ३, रविवार

पाहुणी आली. नाव नीना, देश डेन्मार्क, वय वीस. चार महिने आमच्या माडीवर राहून हातमाग शिकणार. बेळगावच्या वडगावात यंत्रमागाच्या खडखडाटात खड्ड्यातला माग अजून चालू ठेवलेली घरं थोडी, म्हणून कॉलेजच्या मॅडमनी आमचं घर निवडलं. तेव्हा बरं वाटलं होतं.

मॅडम निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, तिला शेंगदाणे चालत नाहीत. म्हटलं, नाही देणार. तर म्हणाल्या, "तसं नव्हे परशरामअण्णा. एक दाणा पोटात गेला तर घसा सुजतो, श्वास बंद होतो. माणूस जातं."

आधी का सांगितलं नाही, हे तोंडातच राहिलं.

संध्याकाळी नीनानं पेनासारखं इंजेक्शन दाखवलं. तसं झालंच तर मांडीवर दाबायचं, कपड्यावरून चालतं. सौ.ला दोनदा करायला लावलं. मी दाराकडे तोंड करून उभा. सौ. घरात नसली तर? 

व. ४, सोमवार. संकष्टी

घर धुंडाळलं. दाण्याचं कूट, भाजके दाणे, शेंगांची चटणी, घाण्याचं तेल. ज्यात दाणा नाही असं आमच्या घरात मीठ तेवढं. सगळं उचलून शेजारी काशाक्काकडे दिलं. भांडी राखेनं घासली.

सौ. म्हणाली, "मग उपासाला खायचं काय? आणि आमटीत काय घालू, माती?"

काशाक्का दारातच हसली. "गोरी पोरगी घरात आणलास आणि लक्ष्मी बाहेर काढलास व्हय रं, परशा?" तिला सगळं समजावलं. पोरीला पथ्य आहे एवढंच तिच्या ध्यानात आलं असावं. आई गेल्यापासून या घराचं बरंवाईट काशाक्काच बघते. तिच्याशी वाद घालायचं वय माझं अजून झालेलं नाही.

बटाटा खाऊन संकष्टी केली.

व. ६, बुधवार

नीना मागावर बसली. खड्ड्यात पाय सोडले, आडवं सूत नेणारा धोटा हातात घेतला. हात हलका आहे. दोन वेळा ताण्याचा उभा धागा तुटला, गाठ मारायला शिकवलं, एकदाच बघून तिनं मारली. शिकवताना भीती विसरलो होतो.

मग ती खोकली. पुन्हा खोकली. मी माडीवर धावलो, पेन घेऊन उतरलो, तर ती हसत होती. सुताची धूळ. सौ. मात्र भिंतीला धरून उभी.

नीनाच्या गळ्यात एक कार्ड असतं, शेंगदाणे चालत नाहीत असं सांगणारं. बेळगाव कर्नाटकात म्हणून तिकडं कुणीतरी कन्नडमध्ये लिहून दिलंय. मी अडखळत वाचलं, बरोबर आहे. पण आमच्या गल्लीत बहुतेकांची शाळा मराठी. मागच्या बाजूला ठळक अक्षरात मराठीत लिहून दिलं. कुणी खायला दिलं की ती कार्ड पुढे करते आणि थांबते. हे बरं आहे.

व. ८, शुक्रवार

कॅम्पातल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. म्हणाले, दाणाच लागतो असं नाही. दाणे ढवळलेला डाव, न धुतलेला हात, तेवढंही पुरे होतं कधीकधी. मी विचारलं, वडगावातून दवाखान्यात पोचेपर्यंत टिकेल? संध्याकाळी रस्ता भरलेला असतो. त्यांनी मलाच पाणी दिलं.

येताना मारुतीसमोर उभा राहिलो. रोजचं मागणं एकच, सगळ्यांचं भलं कर. आज त्या पोरीचं नाव तेवढं तोंडात आलं. तिचे आईवडील कुठल्या देवाला सांगत असतील, कोण जाणे. त्यांनी माझा चेहराही पाहिलेला नाही.

व. १०, रविवार

उद्या एकादशी. विठ्ठल मंदिरात या एकादशीचा प्रसाद आमच्या घरचा. दाण्याचे लाडू, आजोबांपासून. यंदा राजगिऱ्याचे करायचे ठरवलं. भजनात सांगितलं तेव्हा टाळ जरा उशिरा सुरू झाले.

सौ. म्हणते, देवाला सगळं चालतं, माणसांचं बघा.

व. ११, सोमवार

रात्र फार झाली. तरी लिहितो.

आरती होऊन भजन सुरू झालं होतं. नीना सौ.ची साडी नेसून बायकांत बसलेली. राजगिऱ्याची परात माझ्याकडे, मी पुरुषांत वाटत होतो. वळून बघतो तर काशाक्कानं पदराखालचा डबा उघडलेला. दाण्याचे लाडू. बायकांना वाटत ती नीनापर्यंत आली. नीनानं ओंजळ पुढे करायच्या आधी कार्ड दाखवलं. काशाक्कानं मान हलवली. हो, हो. नीना हसली, लाडू घेतला, तोंडाजवळ नेला.

परात कुठं टाकली आठवत नाही. तिच्या हातावर जोरात मारलं. लाडू गाभाऱ्याच्या पायरीवर फुटला.

भजन थांबलं.

काशाक्का म्हणाली, "परशा, परसाद हाय तो."

ओठाला लागला की नाही, नीनालाही सांगता येईना. सौ.नं तिचं हात-तोंड धुतलं. रिक्षातून दवाखाना. बाकड्यावर बसून तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. काही झालं नाही. परत पाठवलं.

नामस्मरण करायला बसलो. जमेना. प्रसाद उडवला तो याच हातानं.

व. १२, मंगळवार

सकाळी काशाक्काकडे गेलो. पाया पडलो. तिनं पाय मागे घेतले नाहीत, हातही डोक्यावर ठेवला नाही.

"तुझ्या बापाचा नेम मोडायला नको म्हणून मी केलतो रं. लई वर्सं आमीच वळलोय की ते लाडू, तुझी आई आणि मी."

म्हटलं, पोरीनं कार्ड दाखवलं होतं.

"मला वाचाय येतंय व्हय? वाटलं, नाव लिवलंय." वर म्हणाली, "आणि वाचाय येत असतं तरी दिलो असतो. परसादानं कुणाचं वाईट झालंय कवा?"

 पन्नाशीला आलो, मीही हेच मानत आलो. काल ते आठवायला वेळच मिळाला नाही, की आठवूनही मी…

असो. एक कळलं. ती पोरगी विचारते आणि इथली माणसं हो म्हणतात. पाहुणीला नाही म्हणणं कुणाला येत नाही. ते कार्ड इथं तिला वाचवणार नाही.

मॅडमचा फोन. झालेलं सांगितलं. कॉलेजच्या वसतिगृहात हलवू का, शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणाल्या. तिथलं जेवण काय, विचारलं. मॅडमना नीट माहीत नव्हतं. नीनाला विचारलं, तर मागावर हात ठेवून म्हणाली, "मी इथं." एवढं मराठी तिला येतं.

व. १४, गुरुवार

दुपारी काशाक्का दारात. एकादशीपासून गल्लीत माझ्याशी कुणी धड बोललेलं नाही. तिच्या हातात झाकलेलं ताट. आत आली नाही.

"गव्हाचं पीठ, गूळ, तूप. वरनं वेलदोडे. दुसरं काय न्हाय, तुझ्या आईची शपथ. पोरीला दे."

नीना माग थांबवून उठून आली. तुपाचा वास घरभर झाला होता. मला वाटलं, हे ताट घ्यावं, पुन्हा एकदा पाया पडावं, सगळं मिटेल.

विचारलं, "आक्का, वेलदोडे कशात वाटलेस?"

तिनं ताटावरचं झाकण पुन्हा सारखं केलं. मग हळूच, "घरात मिक्सर एकच हाय रं."

ताट तिनं उंबऱ्यावर ठेवलं. उचलून नेईना, मला परत देववेना.  नीनाचा हात गळ्यातल्या कार्डाकडे गेला नाही. ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती.

उद्या शुक्रवार. मॅडमना कळवायचं आहे.