मोटर चालू करायची असल्यास एक दाबा

६ जानेवारी २०२५

माझ्या आवाजाबद्दल आज पुन्हा तक्रार! एका शेतकऱ्याने हेल्पलाइनवर सांगितलं — तुमची बाई रागावल्यासारखी बोलती, लाईट आलीय, चांगली गोष्ट हाय, जरा हसून सांगा म्हणावं. हैबतराव सरांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवलं. उरवड्याचा हा छोटा कारखाना त्यांचा, तिथले विनोदही त्यांचेच. सगळे हसले.

घरी येऊन मेधाला सांगितलं तर तिला विषयच कळेना. भुकूमच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी वर्षभर राहतोय आणि मी काय बनवते हे तिला माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही, हेही खरं. मग सांगितलं. शेतपंपाला एक पेटी बसवायची — मोबाईल स्टार्टर. आत सिमकार्ड. शेतीची लाईट वेळी-अवेळी येते. आली की पेटी मालकाला फोन करते. "नमस्कार. लाईट आली आहे. मोटर चालू करायची असल्यास एक दाबा." त्याने घरात बसून एक दाबलं की तिकडे मोटर सुरू.

"आणि ती बाई तू?"

मी. दोन वर्षांपूर्वी स्टुडिओचा खर्च नको म्हणून सरांनी मला टेस्टिंगच्या खोलीत बसवलं. डोक्यावरून घोंगडं घेऊन मी सगळी वाक्यं बोलले. "तुझ्या आवाजात भावना नसतात, मशीनला बरा आहे," सर म्हणाले होते. मला ते कौतुक वाटलं होतं.

९ जानेवारी

मेधाने हॉलमध्ये बोलणारा स्पीकर आणलाय. त्याला गाणं लावायला सांगताना 'प्लीज' म्हणते. चुकीचं लागलं तर रुसते. आज आईशी फोनवर भांडायच्या आधी तिने त्याची वायर काढून ठेवली. "ऐकतो ना गं तो!"

तो ऐकतो हे खरं आहे. पण मेधाने माहिती काढून वायर काढली नव्हती. तो बोलतो, म्हणजे ऐकत असणारच, एवढाच तिचा हिशोब. सगळ्यांचा तोच असतो. बोलणं आणि ऐकणं ही दोन वेगळी सर्किटं आहेत. एक आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही. हे खोक्यावर ठळक छापायला हवं. किमतीच्या खाली.

१२ जानेवारी, रविवार

मुठ्याला, घरी जाऊन आले.

अण्णा, माझे वडील, नोव्हेंबरात गेले. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. अबोला असा नाही. "जेवलीस?" "पाणी तापलंय." एवढं असतं. पुण्यानुमोदनाला सगळे नातेवाईक जमले होते, भन्ते आले होते, तेव्हाही ती माझ्याकडे बघत नव्हती. दुःखात आहे असं मी समजले. पण अनिकेतशी — चुलतभाऊ, शेजारचंच घर — तिच्या तासभर गप्पा चालतात.

बंगल्याच्या कॅमेऱ्याशीही बोलते! नदीकडच्या वाटेवर शनिवार-रविवारचे कुणी राहतात, त्यांनी बोलणारा कॅमेरा लावलाय. माणूस जवळ आलं की इंग्रजीत दरडावतो. आई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या आदुगरपासनं हितनं जातीया मी. गप ऱ्हा."

म्हणजे तिच्याकडे शब्द आहेत. माझ्यासाठी नाहीत.

जेवताना अण्णांचा फोन वाजला. लाईट आली की पेटी अजून त्यांच्याच नंबराला फोन लावते. फोन आता आईजवळ असतो. तिने तो कानाला लावला नाही. विस्तव धरावा तसा हातभर लांब धरून एक दाबलं. तरी मला ऐकू आलंच. माझाच आवाज, त्या स्वयंपाकघरात, अण्णांच्या फोनमधून.

अण्णा त्या आवाजाला दरवेळी "व्हय गं बाय" म्हणायचे. मग दाबायचे.

१५ जानेवारी

आज मीटिंगमध्ये बोलता बोलता थांबले. स्वतःचं वाक्य टेप केल्यासारखं वाटलं.

२१ जानेवारी

पहिल्या थोड्या पेट्यांत आम्ही माइक घातला होता. नोंदवलेल्या नंबरावरून पेटीला फोन लावायचा, पेटी उचलते, पंपाच्या खोलीतला आवाज ऐकू येतो. मोटर खरंच फिरतेय का हे मालकाला कळावं, इतकाच उद्देश. कुणी फोन लावला तरच माइक उघडतो. एरवी बंद.

घरची पेटी चाचणीची, म्हणून तिच्यात अण्णांच्या नंबरासोबत माझाही आहे. गेल्या मार्चमध्ये बसवली तेव्हा आठवडाभर मी कारखान्यातून फोन लावून तपासत होते. रविवारी घरी गेल्यावर अण्णांना म्हटलं, बुधवारी तुम्ही पंपाजवळ शेळीला शिव्या देत होतात.

त्यांचा चेहरा! "तुला तितं ऐकू आलं?"

"सगळं ऐकू येतं."

चार दिवस ते गावभर सांगत फिरत होते — आमची गौतमी कंपनीत बसून आमचं रान ऐकती. माझ्याबद्दल इतकं खुशीत ते कधी बोलले नव्हते. मी पुढचं काही समजावत बसले नाही. चाचणी संपली, मी फोन लावणं बंद केलं.

आज जेवणाच्या सुट्टीत, लॉकरमधून फोन काढून, पुन्हा लावला. चाचणी नव्हती.

मोटरची घरघर. पाटात पडणारं पाणी. घमेलं ठेवल्याचा आवाज, मग बांगड्या. आई. आणि मध्येच खोकला. अण्णांचा असायचा तोच — आधी एक छोटा, मग दोन लांब.

पाइपात हवा अडकली की असा आवाज येतो. मला माहीत आहे. तरी सुट्टी संपेपर्यंत मी फोन ठेवला नाही.

२४ जानेवारी

रोज लावतेय. आई असते. खुरपं आपटते, चूळ भरते, नळीची गाठ सोडवताना धापा टाकते. बोलत मात्र नाही. एक अक्षर नाही.

अनिकेतला सहज विचारल्यासारखं विचारलं — आई शेतात गप्प गप्प असते का रे?

"काकू? अगं दिवसभर तोंड चालू. वांग्यांना नावं ठिवती, बगळ्यांना शिव्या देती. फकस्त पंपाच्या खोलीत शिरली की कुलूप. मी तितं काय बोलाय लागलो तर हातानं गप म्हणती."

"का?"

"तुझी आई. तूच इचार की."

विचारलं नाही.

३ फेब्रुवारी

नवीन मॉडेल ठरलं. माइक काढून टाकायचा. कारण मजेशीर आहे — दोन भावांत मिळून एक पंप, दोघांचे नंबर पेटीत. एकजण पंपाच्या खोलीत बायकोला म्हणाला की वाटणीत नदीकडचा तुकडा आपणच काढून घेऊ. दुसऱ्याने नेमका तेव्हाच मोटर ऐकायला फोन लावलेला! दोघेही आता आमच्यावर चिडलेत. सर म्हणाले, "आपण स्टार्टर विकतो का भाऊबंदकी?"

आवाजही नवा, कॉम्प्युटरचा. नमुना ऐकला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसतो. 'मोटर जळाली आहे' हेसुद्धा हसून सांगतो. सगळ्यांना आवडला.

माइकवाल्या जुन्या पेट्या फुकट बदलून द्यायच्या. मुठ्याची माझ्याकडे.

नव्या पेटीत मी नसेन. आईला बरं वाटेल बहुतेक. आणि मलाही पंपाची खोली ऐकू येणार नाही. तिचं माझ्याशी काय बिनसलंय, हे पेटी निघायच्या आत मला कळायला हवं. नंतर आमच्या दोघींमध्ये काहीच उरणार नाही. एक टेपसुद्धा.

८ फेब्रुवारी

फोन लावला. आज खोलीत कुणी नव्हतं. खोकला होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

पेटी बदलली.

आई मागोमाग आली आणि पंपाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी मेन स्विच पाडला, वायरी सोडवल्या. पेटी आतल्या बॅटरीवर चालूच होती; सिम काढल्यावर तिचा हिरवा दिवा विझला. तो दिवा सतत लुकलुकत असतो. रेंज आहे, एवढंच सांगतो तो. दुसरं काही नाही.

आईने दिव्याकडे बघून विचारलं, "आता ऐकत न्हाई ना?"

मी म्हटलं नाही, आणि नवीन पेटी तर ऐकणारच नाही, तिच्यात ती सोयच नाही.

मग ती उंबऱ्यावर बसली. आणि बोलायला लागली. इतक्या महिन्यांनी. माझ्याकडे न बघता, पाटाकडे बघत.

त्या दिवशी अण्णा सकाळी पाणी धरायला आले आणि इथेच बसले. छातीवर धोंडा ठेवल्यावानी होतंय, म्हणाले. आई म्हणाली, अनिकेतला हाक मारते, गाडी काढू दे, पौडला दवाखान्यात जाऊ. तर म्हणाले, थांब, गौतमीला सांगतो. मग या पेटीला तोंड लावून बोलले. आईने त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"गौतमी, जरा बरं वाटंना बघ. ये बाय."

तीनदा. थांबून थांबून.

आई म्हणाली, फोन लावू का तिला? अण्णांनी नको म्हटलं. कामाच्या वेळी फोन करू नका, असं मी सांगून ठेवलं होतं. इथे बोललं की तिला तसंच ऐकू जातं, म्हणाले, तिनं शेळीचं नव्हतं का ऐकलं! ती गाडी घेऊन येईल, न्हाईतर कुणाला तरी धाडंल.

"दिवा लुकलुकत हुता," आई म्हणाली. "म्हंजी ऐकत हुतं. आमी वाट बघत बसलो."

ऊन डोक्यावर येईपर्यंत बसले. मग ते आडवे झाले. मग तिने अनिकेतला हाक मारली.

अनिकेतने मला एवढंच सांगितलं होतं की पंपाजवळ गेले. वाट बघत गेले हे त्याला माहीत नव्हतं. माहीत फक्त आईला होतं, आणि तिच्या मते मला. मला कळलं होतं आणि मी आले नाही — हे मनात घेऊन ती माझं पाणी तापवत होती. म्हणून या पेटीजवळ गप्प. बोलायचं तर मला ऐकू जाईल, आणि मला ऐकवण्यासारखं तिच्याकडे काही राहिलं नव्हतं.

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो खाली ठेवायचं सुचलं नाही.

उत्तर मला येत होतं. कुणी फोन लावल्याशिवाय माइक उघडत नाही. त्या दिवशी मी फोन लावला नव्हता, माझा फोन लॉकरमध्ये होता. मला काही ऐकू आलेलं नाही, येणं शक्यच नव्हतं. हे खरं होतं, आणि मी सुटत होते. तोंड उघडलं होतं मी.

तेवढ्यात तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"खरं सांग. ऐकलं हुतंस का न्हाई? उशीर झाला आसंल, कामात आसशील, समदं मी पोटात घालीन. पन ऐकलंच न्हाईस तर मग ते शेवटचं कुनाशी बोललं गं? पेटीशी?"

१७ फेब्रुवारी

ऐकलं होतं, असं सांगितलं. निघायला उशीर झाला, असंही.

आई उंबऱ्यावरून उठली. मग म्हणाली, "मला वाटलंच हुतं." आणि भाकरी टाकायला घरी गेली. रात्रभर ती कण्हत होती, पण माझ्या शेजारी झोपली.

आज कारखान्यात, कामाच्या वेळी, फोन वाजला. लॉकरमध्ये ठेवला नव्हता. स्क्रीनवर — अण्णा.

"ऐकतीयास ना?" आई म्हणाली.

"ऐकतेय."